मक्याची ओळ आणि चाड्यावरची मूठ

बंगळूर शहराच्या उत्तरेस हेब्बाळ हे ठिकाण आहे. आज तेथे उड्डाणपुलांची व उंच इमारतींची दाटी झाली असली, तरी या जागेचा खरा लौकिक शेतीचा आहे. १८९९ साली म्हैसूरच्या महाराणींनी दिलेल्या ३० एकर जमिनीवर येथे प्रयोगक्षेत्र स्थापन झाले, लेहमान या जर्मन शास्त्रज्ञाने शेतीविषयक प्रयोगांस आरंभ केला आणि पुढे १९६४ मध्ये त्याच परंपरेतून कृषिविद्यापीठ उभे राहिले. या विद्यापीठाच्या कृषिमेळ्यात ट्रॅक्टर आणि त्यांना जोडण्याची टोकणयंत्रे मांडलेली असतात. असे यंत्र पाहताच शेतकऱ्याच्या मनात प्रश्न येतो, की हे दिवसात किती एकर पेरील? प्रश्न रास्त आहे. परंतु मक्याच्या बाबतीत तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न असा, की हे यंत्र दाणा टाकते कोठे?

हे समजण्यासाठी मक्याचा स्वभाव ध्यानी घेतला पाहिजे. नाचणीला किंवा गव्हाला फुटवे येतात. एखादे रोप मेले, तर शेजारची रोपे अधिक फुटून ती उणीव थोडीफार भरून काढतात. मक्याच्या ठायी ही उदारता नाही. एक दाणा, एक ताट आणि बहुधा एकच भरदार कणीस, असा त्याचा व्यवहार. ओळीत पडलेला नांगा अखेरपर्यंत नांगाच राहतो. एका जागी दोन दाणे पडले, तर दोन्ही ताटे एकमेकांच्या तोंडचा घास काढतात. खोल पडल्यामुळे मागाहून उगवलेले रोप शेजाऱ्यांच्या सावलीत खुरटते. ते खत आणि पाणी घेते, पण कणीस देत नाही. म्हणून मक्याच्या पेरणीत समान अंतर आणि समान खोली यांना इतर बहुतेक धान्यांपेक्षा अधिक मोल आहे.

आकडे पाहिले, म्हणजे हे मोल स्पष्ट होते. दोन ओळींत ६० आणि दोन रोपांत २० सेंटीमीटर अंतर ठेवल्यास हेक्टरी सुमारे ८३,००० रोपे बसतात. रोपांतील अंतर ३० सेंटीमीटर झाले, की तीच संख्या ५५,००० वर येते. केवळ दहा सेंटीमीटरच्या फरकाने रोपांचा तिसरा हिस्सा नाहीसा होतो. शिवाय बियाणे आता घरचे राहिलेले नाही. १९५७ मध्ये भारतात मका सुधारणेची समन्वित योजना सुरू झाली आणि १९६१ मध्ये गंगा, रणजित, डेक्कन हे संकरित वाण प्रसृत झाले. संकरित पिकाचा दाणा पुन्हा पेरला, तर पहिल्या पिढीचा जोम व सारखेपणा टिकत नाही. बी दर हंगामास विकत घ्यावे लागते. विकतचा दाणा मूठभर फेकून नंतर विरळणी करणे परवडत नाही.

ओळीने पेरण्याची विद्या आपल्याकडे नवी नव्हे. महाराष्ट्रातील पाभर व तिफण आणि कर्नाटकातील कूरिगे ही एकाच कुळातील अवजारे होत. कॅप्टन हॅलकॉट या इंग्रज अधिकाऱ्याने १७९५ साली दक्षिणेतील पाभरीचे वर्णन लिहून ठेवले आहे. हे अवजार युरोपची अलीकडची युक्ती आहे, असा त्याचा तोवर समज होता. पाभरीचे सारे यश चाड्यावरच्या मुठीत असते. बोटांतून बी एकसारखे सुटावे, कोठे दाट नाही, कोठे पातळ नाही, हे अनुभवी हातालाच साधते, आणि म्हणून चाड्यावर मूठ धरण्याचा मान जाणत्या माणसाकडे जातो. परंतु पाभरीतून बियांची धार पडते. ठरावीक अंतरावर एकेक दाणा पडत नाही. त्यासाठी दोरी लावून हाताने टोकण करावी लागते. ती अचूक असते, पण संथ. आणि वाफसा कोणासाठी थांबत नाही. बंगळूरच्या लाल जमिनीतून पाण्याचा निचरा लवकर होतो आणि ओल तितक्याच लवकर उडते. आपल्या काळ्या जमिनीत ओल टिकते, पण चिखल चाकांना धरून बसतो. दोन्हीकडे पेरणीचे योग्य दिवस थोडेच असतात.

टोकणीची अचूकता आणि पाभरीचा वेग यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न म्हणजे टोकणयंत्र. अमेरिकेत इलिनॉय प्रांतातील जॉर्ज ब्राउन याने १८५३ मध्ये घोड्यांनी ओढावयाच्या अशा यंत्राचे पेटंट घेतले. त्या काळी तेथे दोन ओळींत सुमारे चाळीस इंच अंतर ठेवीत, कारण मधून घोडा जावयास हवा. ट्रॅक्टर आल्यावर ओळी तीस इंचांपर्यंत जवळ आल्या.

आजच्या यंत्रात प्रत्येक ओळीसाठी एक बीजपेटी आणि तिच्या तळाशी खाचांची तिरकी तबकडी असते. तबकडी फिरताना एकेका खाचेत एकेक दाणा बसतो, वर नेला जातो आणि नळीतून सरीत पडतो. काही यंत्रांत तबकडीला छिद्रे असतात. पंख्याने हवा शोषली जाते, दाणा छिद्राला चिकटतो आणि नेमक्या जागी शोषण तुटताच सुटतो. तबकडीला गती मिळते ती जमिनीवर चालणाऱ्या चाकाकडून. चाकाचा घेर दोन मीटर असेल आणि दर २० सेंटीमीटरला दाणा हवा असेल, तर चाकाच्या एका फेऱ्यात दहा दाणे सुटावेत, अशी साखळी व दातेरी चक्रे जुळवितात. पुढचा फण चार-पाच सेंटीमीटर खोल सरी काढतो, दुसऱ्या नळीने खत दाण्याच्या बाजूस व किंचित खाली पडते आणि मागचे चाक माती दाबून घेते. खत दाण्याला भिडले, तर कोंब जळतो. लाल माती ओली असताना फार दाबली, तर वर कठीण पापुद्रा धरतो.

मात्र यंत्राने हाताचे काम घेतले, तरी डोळ्याचे घेतलेले नाही. ताशी साडेचार किलोमीटर वेगाने चालताना प्रत्येक ओळीत सेकंदाला सहा दाणे सुटतात. वेग वाढविला, की खाचा रिकाम्या जातात. चाक घसरले, तर अंतर वाढते. नळी मातीने बुजली, तर ओळच्या ओळ कोरी राहते आणि ट्रॅक्टरवर पुढे पाहणाऱ्या चालकाला पत्ता लागत नाही. चाड्यावरच्या मुठीला तो तत्काळ लागला असता. यास्तव पेरणीपूर्वी दहा मीटर जागेवर यंत्र चालवून प्रत्येक ओळीतील दाणे मोजावेत. वीस सेंटीमीटरच्या हिशेबाने ते सुमारे पन्नास भरले पाहिजेत. नंतर शेतातही अधूनमधून उतरून माती उकरून पाहावी.

दुसरी अडचण धारणक्षेत्राची आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील सुमारे ८६ टक्के खातेदारांकडे दोन हेक्टरांहून कमी जमीन आहे. अशा शेतात ट्रॅक्टरचा बराच वेळ बांधापाशी वळण्यातच जातो आणि स्वतःचे यंत्र घेणे परवडत नाही. यावर भाड्याची यंत्रे हा एक उपाय आहे. कर्नाटकात यासाठी 'कृषी यंत्रधारे' ही केंद्रे निघाली आहेत. परंतु वाफसा सर्वांच्या शेतात एकाच वेळी येतो आणि रांगेत शेवटी उभा राहतो तो बहुधा लहान शेतकरीच. टोकणीची मजुरीही बव्हंशी स्त्रियांची असते. यंत्र येते, तेव्हा पहिली झळ त्यांनाच लागते. हाताने ढकलण्याची एकओळी यंत्रे आणि यंत्राच्या जोडणीचे व तपासणीचे शिक्षण त्यांच्यापर्यंत पोहोचले, तर ही झळ काही अंशी कमी होईल.

पेरणीनंतर आठवड्याने शेताच्या कडेस उभे राहिले, म्हणजे खरा निकाल दिसतो. किती एकर पेरले, हे त्या दिवशी कोणी विचारीत नाही. ओळीत नांगे किती, याचीच मोजणी होते. आणि त्या मोजणीत यंत्राइतकीच ते जुळविणाऱ्या माणसाची परीक्षा असते. चाडे गेले, तरी मूठ जाणत्याचीच लागते.