पेटी नवी घ्यावी की जुनीच सुधारावी?

आमच्या घरात ‘पेटी’ म्हटले की दोन पिढ्या एकच वस्तू डोळ्यांसमोर येई, ती म्हणजे आजोबांची हार्मोनियम. तिचा भाता दोनदा बदलला, सूर तर कितीदा लावून आणले. पण ‘ही टाकून नवी घेऊ’ असे कोणी कधी म्हटले नाही. त्यामुळे कन्येने एके रात्री पानावरून मान न उचलता जाहीर केले, “बाबा, पेटी बदलायला हवी,” तेव्हा मी क्षणभर दचकलोच. मग उलगडा झाला. ती बोलत होती तिच्या इलेक्ट्रिक गिटारच्या पेटीबद्दल. गिटारबरोबर घेतलेला, दहा वॉटचा आणि आठ इंची स्पीकरचा, सरावापुरता छोटा ॲम्प्लिफायर!

कारण विचारले तर डोळ्यांत पाणी. कॉलेजच्या गॅदरिंगला तीन आठवडे उरलेले. पाच जणांचा वाद्यवृंद. तालमीत ड्रम सुरू झाले की हिची गिटार कोणाला ऐकूच येईना. शेवटी त्यांतला एक जण म्हणाला होता, “तू नुसती उभी राहा. वाजवल्यासारखं कर, म्हणजे झालं.”

नव्या पेटीची किंमत तिने सांगितली १४ हजार. मी म्हणालो, “बघू.” मध्यमवर्गीय घरात या शब्दाचा अर्थ मुलांना पाठ असतो. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या खोलीत डोकावलो, तर पेटीची मागची फळी काढलेली, बाईंच्या हातात स्क्रूड्रायव्हर, आणि प्लग भिंतीतच! “बाबा, यात सुधारणा करता येतात. मी पाहिलंय,” ती म्हणाली. मी आधी बटण बंद केले, मग खुर्चीवर बसलो. माझेच पाय लटपटत होते.

वाचकहो, पुढचे सारे वाचण्याआधी एवढे ध्यानात ठेवा. अशा पेटीत भिंतीतून २३० व्होल्ट येतात. जुन्या धर्तीच्या, काचेच्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये तर आत ३०० ते ४०० व्होल्ट खेळत असतात, आणि कपॅसिटरमध्ये हा साठा प्लग काढल्यानंतरही टिकून राहू शकतो. जीव घ्यायला तो पुरेसा आहे. पेटी उघडणे हे जाणकाराचे काम.

म्हणून आम्ही दोघे ती पेटी घेऊन बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत गेलो. तिथे एक वयस्कर कारागीर आहेत. व्हॉल्व्हच्या रेडिओपासून त्यांचा हात विजेच्या वस्तूंवर बसलेला. त्यांनी पेटी उलटीपालटी करून पाहिली आणि पहिला प्रश्न मला नव्हे, कन्येला विचारला, “बेटा, ही घरी कुठे ठेवतेस?”

“जमिनीवर. कोपऱ्यात.”

“आणि तू उभी राहून वाजवतेस. म्हणजे ही तुझ्या घोट्यांना गाणं ऐकवते!”

गंमत नव्हे, हे शास्त्र आहे. स्पीकरमधून निघणारे उंच सूर सरळ रेषेत जातात. खालचे सूर जमिनीचा आणि कोपऱ्याचा आधार घेऊन फुगतात. त्यामुळे वाजवणाऱ्याला नुसती घुमघुम ऐकू येते. पेटी स्टुलावर ठेवून किंचित वर कलवली की निम्मी तक्रार मिटते, आणि खर्च शून्य.

मग त्यांनी तिला वाजवायला लावले. खरखर होत होती. वायर खोचायच्या जागेचा डाग निसटला होता आणि आवाजाच्या बटणात धूळ बसली होती. दहा मिनिटांत खरखर गेली. “ही सुधारणा नव्हे, नुसती दुरुस्ती,” ते म्हणाले. “लोक दुरुस्तीच्या आधीच सुधारणेला निघतात.”

कन्या मात्र हट्टाला पेटली होती. “पण काका, वॉट वाढवता येतील ना? दहाचे वीस?”

यावर त्यांनी जे सांगितले ते मला नवे होते. वॉट दुप्पट केले की आवाज दुप्पट होत नाही; जेमतेम ३ डेसिबल वाढतो, कानाला थोडासा फरक जाणवतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला शक्ती सुमारे दसपट लागते. म्हणजे दहाचे शंभर वॉट! त्यासाठी ट्रान्सफॉर्मरपासून सारे बदलायचे, तर मग जुनी म्हणून उरली ती नुसती लाकडी खोळ. उलट स्पीकरचे पाहा. तेवढ्याच वॉटमध्ये एक स्पीकर दुसऱ्यापेक्षा कितीतरी मोठ्याने बोलतो. जो ३ डेसिबल जास्त देतो, त्याने न बोलता तुमचे वॉट दुप्पट केलेले असतात. तबल्याची पुडी खराब झाली म्हणून कोणी तबला फेकत नाही, आणि पुडी चांगली चढवली की तोच तबला नव्याने बोलू लागतो. गिटारच्या पेटीची पुडी म्हणजे तिचा स्पीकर.

हा सुधारणेचा मोह काही आमच्या घरात जन्मलेला नाही. लंडनच्या ‘किंक्स’ वाद्यवृंदातल्या डेव्ह डेव्हिसने १९६४ साली आपल्या छोट्याशा ॲम्प्लिफायरचा पडदा पात्याने चिरला आणि त्या फाटक्या, गुरगुरत्या आवाजाने ‘यू रिअली गॉट मी’ हे गाणे गाजवले. कॅलिफोर्नियात रँडल स्मिथ नावाच्या कारागिराने १९६० च्या दशकाच्या अखेरीस चेष्टा म्हणून फेंडर कंपनीच्या छोट्या प्रिन्स्टन पेटीत बारा इंची स्पीकर आणि भारी सर्किट कोंबले. ती कार्लोस सँटानाने वाजवून पाहिली, खूश झाला, आणि त्या चेष्टेतून पुढे ‘मेसा बूगी’ ही कंपनी उभी राहिली. पण या दोन्ही गोष्टींत एक मेख आहे. डेव्हिसची चिरलेली पेटी परत पहिल्यासारखी होणार नव्हती, आणि स्मिथ हा मुळात जाणता कारागीर होता. आपल्याला यांतले काहीच लागू नाही.

म्हणून आमच्या कारागिरांचा नियम सोपा होता: जी सुधारणा उद्या उलटवता येईल तीच करावी. त्यांनी पेटीच्या पाठीमागे एक खोबण बसवली. तिच्यात वायर खोचली की आतला आठ इंची स्पीकर बंद होतो आणि बाहेरचा, प्लायवूडच्या खोक्यातला, गिटारसाठीच बनवलेला बारा इंची बोलू लागतो. ओहमचा आकडा जुन्याइतकाच, आठ. तो कमी असता तर आतला चिप जास्त वीज ओढून तापला असता. म्हणूनच दोन्ही एकदम चालू राहणार नाहीत अशी सोय केली. सारा खर्च साडेपाच हजार.

नवी पेटी कधी घ्यावी, हेही मी विचारून ठेवले. ट्रान्सफॉर्मर जळाला तर. सुधारणांची बेरीज नव्याच्या निम्म्या किमतीपुढे गेली तर. किंवा गरजच पालटली तर: रात्री हेडफोन लावून सराव करायचा, कॉम्प्युटरवर ध्वनिमुद्रण करायचे, एकाच पेटीतून दहा पेट्यांचे आवाज हवेत. त्यासाठी यामाहाची टीएचआर २०११ साली आणि बॉसची कटाना २०१६ साली निघाली. जुन्या पेटीला ठिगळे लावून ते साधत नाही. थोडक्यात, आवाज आवडत नसेल तर सुधारावी. काम बदलले असेल तर बदलावी.

“पण ड्रमपुढे?” कन्येचा शेवटचा प्रश्न.

“पुढे माईक ठेव की,” कारागीर म्हणाले. त्यांना माहीत नसेल, पण एरिक क्लॅप्टनने १९७० साली ‘लैला’ची ध्वनिमुद्रणे फेंडरच्या चँप नावाच्या पेटीवर केली. ती जेमतेम पाच वॉटची. पुढे माईक होता, एवढेच.

गॅदरिंगला आम्ही दोघे मागच्या रांगेत बसलो होतो. रंगमंचावर खोके, त्यावर ती छोटी पेटी, पुढ्यात कॉलेजचा माईक. ड्रम सुरू झाले तसा सौ.ने माझा हात घट्ट धरला. आणि मग गिटार ऐकू आली. अगदी मागच्या रांगेपर्यंत, स्वच्छ. दोन सूर चुकले, तेही स्वच्छ ऐकू आले. ती नुसती उभी नव्हती.

पेटी आता पुन्हा तिच्या खोलीत आहे. फक्त स्वयंपाकघरातला स्टूल तेवढा परत आलेला नाही. सौ. रोज विचारते. मी म्हणतो, “बघू.”