दारची जास्वंद आणि वावरातली पऱ्हाटी



गणपतीला लाल जास्वंद लागते, घरच्या लेकीबाळींना माळायला मोगरा लागतो. म्हणून अमरावती-अकोल्याकडच्या बहुतेक आवारांत दोन-चार फुलझाडे असतातच. पण झाड एकदा लावले, की मग त्याच्याकडे पाहायचे ते फूल तोडण्यापुरते! आज त्यांच्या निगेविषयी सांगतो. जास्वंदीचे जरा लांबवून सांगणार आहे, कारण तिचा संबंध तुमच्या कपाशीशी आहे.

जास्वंद, कपाशी, भेंडी, अंबाडी ही सारी एका कुळातली. एकीची कीड दुसरीला मानवते. पिठ्या ढेकूण आठवतो ना? २००७-०८ च्या सुमारास नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने देशातल्या कपाशीवरचे पिठ्या ढेकूण तपासले, तेव्हा त्यातले बहुतेक एकाच, बाहेर देशातून आलेल्या जातीचे निघाले. ही जात जास्वंदीवरही आनंदाने राहते. उन्हाळ्यात वावर मोकळे असते, पऱ्हाटी उपटलेली असते. पण दारची जास्वंद न्हाणीच्या पाण्यावर हिरवीगार असते. किडीला चार महिने काढायला एवढा आसरा पुरे. पुढे वाऱ्याबरोबर, मुंग्यांबरोबर, आपल्या कपड्यांना चिकटूनसुद्धा तिची बारीक पिल्ले वावरात पोचतात.

तेव्हा महिन्यातून दोनदा जास्वंदीचे शेंडे उलटून पाहा. शेंडा आकसलेला, पेरांत पांढरा कापसासारखा थर, पानांवर चिकटा आणि खोडावर मुंग्यांची रांग दिसली, की ओळखावे. तेवढा शेंडा कापून पिशवीत घाला आणि जाळा. उकिरड्यावर टाकू नका. राहिलेल्या झाडावर पाण्याचा जोराचा फवारा मारा. त्यानंतर निंबोळी अर्क. ५० ग्रॅम निंबोळी कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्याने गाळा, चिमूटभर साबणाचा चुरा घाला आणि संध्याकाळी फवारा. आठवड्याने पुन्हा एकदा.

मात्र फवारण्याआधी नीट पाहा. काही ढेकूण भुरकट, टणक आणि भोक पडलेले दिसतील. त्यांच्या पोटात एका बारीक गांधीलमाशीने अंडे घातलेले असते. असे ढेकूण बरेच दिसले, तर फवारणी राहू द्या, ती माशीच तुमचे काम करते. एका ढालकिड्याची अळीही पिठ्या ढेकणासारखीच पांढरी केसाळ असते, पण ती मोठी आणि चपळ असते. ती ढेकूण खाते. तिला मारू नका.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. कपाशीवर मारून उरलेले औषध आणून दारच्या झाडावर मारू नका. त्या फुलाला लेकरे हात लावतात, शेजारी पिण्याच्या पाण्याचा माठ असतो. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली, हे आपण विसरलेलो नाही.

आता जमिनीचे. आपली काळी जमीन पाणी धरते. अकोल्यास नवा होतो तेव्हा मी मोगऱ्याला रोज बादलीभर पाणी घालत होतो. पाने पिवळी पडली म्हणून आणखी घातले, आणि झाड कुजून गेले. पदवी होती, पण बोट मातीत घालून पाहिले नव्हते! मे महिन्यात दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा करून तापू द्या. तळाशी चार बोटे मुरूम, वर माती, मुरूम आणि कुजलेले शेणखत मिसळून भरा. बुंध्याजवळ माती थोडी उंच ठेवा. जास्वंदीची पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब फांदी पाऊस लागल्यावर लावली की सहज फुटते.

पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात, दर्यापूर, अकोट, तेल्हारा भागात, विहिरीच्या खाऱ्या पाण्याने मोगऱ्या-गुलाबाच्या पानांच्या कडा करपतात. तिथे कण्हेर किंवा बोगनवेल लावा. मोगरा हवाच असेल, तर तो कुंडीत लावून गोडे पाणी द्या. धुण्याच्या सोड्याचे पाणी कोणत्याच झाडाला नको. कपडे खळबळलेले दुसरे पाणी चालेल.

मोगऱ्याला हिवाळ्यात विसावा द्या. नोव्हेंबरअखेर पाणी तोडा, डिसेंबर-जानेवारीत गुडघ्याखाली छाटणी करा, मग शेणखत देऊन पाणी सुरू करा. उन्हाळा लागला की कळ्या येतात. जास्वंदीला नव्या फुटव्यावरच फूल येते, म्हणून तिलाही वर्षातून एकदा कापायला भिऊ नका.

कण्हेर छाटताना मात्र जपून. एका गावी छाटलेल्या फांद्या कुंपणाबाहेर टाकल्या आणि दोन शेळ्या गेल्या. कण्हेरीचे पान, फांदी, मूळ सारे विषारी, वाळल्यावरसुद्धा. फांद्या गोठ्यापासून दूर खड्ड्यात पुरा. चुलीत घालू नका, धूरही वाईट. पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या, बिया लेकरे खेळायला घेतात. ते झाड अंगणात नसलेलेच बरे. लेकराने बी चावली असे कळले, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. ती बी सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठा.