वेशीपर्यंत जाऊन बघा: एका कॉम्प्युटरचं नेट सगळ्यांना मिळेनासं होतं तेव्हा
(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचं शब्दांकन)

बचत गटाचं कार्यालय असो की गावातलं अर्ज भरून देण्याचं केंद्र, बऱ्याच ठिकाणी कॉम्प्युटर तीन असतात आणि इंटरनेट मात्र एकालाच. त्या एकाला मोबाइल केबलनं जोडलेला असतो आणि बाकीचे दोघे त्याच्यामार्फत नेट घेतात. चालतं तोवर छान चालतं. मग शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख येते आणि नेमकं त्याच दिवशी दोन कॉम्प्युटरवर काहीच उघडत नाही. बाहेर मुली ताटकळत असतात. दुरुस्तीवाला म्हणतो, परवा येतो. येतो, दोन मिनिटं काहीतरी करतो, पैसे घेतो आणि जातो. त्यानं नेमकं काय केलं, ते आज समजून घेऊ.

ज्या कॉम्प्युटरला थेट इंटरनेट आहे, त्याला म्हणतात गेटवे. म्हणजे आपली गावाची वेस. आतल्या कुणालाही बाहेर जायचं तर वेशीतूनच जावं लागतं. बाहेरच्या जगाला दिसतो तो फक्त वेशीचा पत्ता. आलेलं उत्तर आत कुणाच्या घरी द्यायचं, ते हा गेटवे लक्षात ठेवतो. विंडोजमध्ये या सोयीला इंटरनेट कनेक्शन शेअरिंग म्हणतात. १९९९ साली, विंडोज ९८च्या दुसऱ्या आवृत्तीपासून ती मिळते. वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

आता एक नियम पाठ करून ठेवा: कशालाही हात लावण्याआधी रस्ता नेमका कुठे तुटलाय ते शोधायचं. त्यासाठी चार प्रश्न पुरतात.

पहिला प्रश्न: वेशीवरच नेट आहे का? गेटवेवर एखादी वेबसाइट उघडून बघा. तिथंच उघडत नसेल तर बाकीच्या कॉम्प्युटरचा काही दोष नाही. मोबाइलचा डेटा संपलाय का, यूएसबी टेदरिंग बंद झालंय का, ते बघा. मोबाइलची केबल काढून पुन्हा लावली की टेदरिंग बहुतेक वेळा नव्यानं सुरू करावं लागतं.

दुसरा प्रश्न: वायर पोचली आहे का? सगळ्या केबल ज्या छोट्या पेटीत येतात, त्या स्विचवर प्रत्येक केबलपाशी दिवा असतो. दिवा नाही म्हणजे जोड नाही. केर काढताना केबल सैल होते, उंदीर कुरतडतात. दुसरी केबल लावून बघा. गेटवे झोपी गेला, म्हणजे स्लीपमध्ये गेला, तरी सगळ्यांचं नेट जातं. म्हणून त्याची स्लीपची सेटिंग ‘नेव्हर’वर ठेवा.

तिसरा प्रश्न: आतल्या कॉम्प्युटरला पत्ता मिळालाय का? ज्याच्यावर नेट नाही, त्याच्यावर स्टार्टमध्ये सी, एम, डी ही इंग्रजी अक्षरं टाइप करून एंटर दाबा. काळी खिडकी उघडेल. तिच्यात आय, पी, सी, ओ, एन, एफ, आय, जी असं सलग टाइप करा आणि पुन्हा एंटर दाबा. आयपीव्ही-फोर ॲड्रेस अशी ओळ दिसेल. तिथला आकडा १९२.१६८.१३७ नं सुरू होत असेल तर पत्ता वेशीवरूनच आलाय. विंडोज ७ आणि त्यानंतरच्या विंडोजमध्ये गेटवेचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१३७.१ असतो. जुन्या एक्सपीत तो १९२.१६८.०.१ असायचा.

आकडा १६९.२५४ नं सुरू होत असेल, तर समजा की या कॉम्प्युटरनं पत्ता मागितला, कुणी दिला नाही, म्हणून त्यानं स्वतःच एक घेतला. अशा वेळी केबल तुटलेली असते किंवा गेटवेवरचं शेअरिंग बंद झालेलं असतं. आकडा या दोन्हींपैकी नसेल, तर कुणीतरी हातानं पत्ता भरून ठेवलाय का ते बघा. सेटिंगमध्ये ‘ऑब्टेन ॲन आयपी ॲड्रेस ऑटोमॅटिकली’ हेच निवडलेलं हवं.

चौथा प्रश्न: हाक कुठवर पोचते? त्याच काळ्या खिडकीत पी, आय, एन, जी टाइप करा, एक जागा सोडा आणि गेटवेचा पत्ता लिहा. ‘रिप्लाय’ आलं तर वेशीपर्यंतचा रस्ता ठीक आहे. कधी कधी गेटवेचं फायरवॉल अशा हाकेला ओ देत नाही, म्हणून इथं उत्तर आलं नाही तरी पुढची हाक मारून बघाच. आता गेटवेच्या पत्त्याऐवजी ८.८.८.८ लिहा. हा गूगलचा बाहेरचा पत्ता आहे. वेशीपर्यंत हाक जाते पण इथवर जात नाही, तर अडचण शेअरिंगमध्ये. आकड्याला उत्तर येतं पण वेबसाइटचं नाव लिहिलं की येत नाही, तर नावावरून पत्ता शोधून देणारी डीएनएस नावाची सोय अडलीय. मग त्या कॉम्प्युटरच्या डीएनएसच्या रकान्यात ८.८.८.८ भरलं की बहुतेक वेळा काम होतं.

शेअरिंगच बिघडलं असेल तर गेटवेवर या. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, एन, सी, पी, ए, टिंब, सी, पी, एल लिहा आणि एंटर दाबा. सगळी कनेक्शन दिसतील. ज्यातून बाहेरचं नेट येतं, म्हणजे मोबाइलचं, त्याच्यावर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज आणि मग शेअरिंग उघडा. ‘अलाऊ अदर नेटवर्क यूझर्स’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या ओळीपुढची टिक काढा, ओके करा. पुन्हा उघडून टिक लावा, ओके करा. खाली आतलं कनेक्शन निवडायला सांगितलं तर स्विचकडे जाणारं निवडा. दुरुस्तीवाल्याची दोन मिनिटं बऱ्याचदा हीच असतात!

दोन प्रसंगी ही टिक हमखास तपासायची. एक, मोबाइल बदलला तेव्हा. नवा मोबाइल लावला की विंडोज त्याचं नवं कनेक्शन बनवतं, पण शेअरिंग जुन्यावरच राहतं. दुसरं, गेटवे बंद करून चालू केला तेव्हा. विंडोज १० मध्ये अशा वेळी टिक दिसते, पण शेअरिंग सुरू झालेलं नसतं.

कधी सगळ्या हाका पोचतात, तरी वेबसाइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून अडते. तेव्हा त्या कॉम्प्युटरची तारीख बघा. जुन्या कॉम्प्युटरची आतली छोटी बॅटरी संपली की तो दर वेळी कित्येक वर्षं मागे जातो. वेबसाइटच्या ओळखपत्राला मुदत असते. कॉम्प्युटरची तारीखच चुकली की चांगलं ओळखपत्रही त्याला खोटं वाटतं. तारीख दुरुस्त करा आणि बॅटरी बदलून घ्या.

एक सावधगिरीची गोष्ट. अडचण आली की ‘फायरवॉल बंदच करून टाका’ असा सल्ला सर्रास मिळतो. तसं करू नका. आपल्याकडे लोकांची आधार कार्डं आणि बँकेची पासबुकं असतात. वेस उघडी टाकून झोपायचं नसतं. तपासायला बंद केलंच, तर पाच मिनिटांत पुन्हा चालू करा.

रोजचं काम यावरच असेल तर गटाच्या पैशातून एक छोटा राउटर घ्यायचा विचार जरूर करा. मग एका कॉम्प्युटरवर सगळ्यांचं काम अडणार नाही. तोवर हे चार प्रश्न एका कागदावर लिहून स्विचच्या वर भिंतीला चिकटवा: वेस, वायर, पत्ता, हाक. तरीही दुरुस्तीवाल्याला बोलवावं लागलं, तर ‘नेट चालत नाही’ एवढंच सांगू नका. ‘पत्ता १६९.२५४ नं सुरू होतोय’ असं सांगा. मग त्याला फोनवरूनच उपाय सांगता येईल, आणि रांगेतल्या मुलींचे अर्ज त्याच दिवशी जातील.