पांढऱ्या चौकोनातून बोंड सोडवताना

लेखांक सहावा : पारदर्शक चित्रांसाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं

रंगीत बॅनरवर पांढऱ्या चौकोनात बसलेला लोगो आपल्याकडे इतका रुळला आहे की तो आता कुणाला खटकत नाही. मला मात्र खटकतो. दत्तापुरातल्या एखाद्या कृषी केंद्राची जाहिरात असो, शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका असो, नाहीतर तळेगाव दशासरच्या शंकरपटाचं पोस्टर असो. कुणीतरी रात्री जागून रंग जुळवलेले असतात, अक्षरं निगुतीनं बसवलेली असतात आणि कोपऱ्यात संस्थेचं बोधचिन्ह मात्र भरजरी लुगड्याला पांढरं ठिगळ लावावं तसं चिकटवलेलं. वेबसाइटवर हे आणखीच उघडं पडतं. ते टाळायला महागडं काही विकत घ्यावं लागत नाही. कोणत्या चित्राला कोणतं सॉफ्टवेअर लावायचं, एवढं उमगलं की पुरे.

गेल्या आठवड्यात जेपेगबद्दल लिहिलं होतं. फोटोसाठी जेपेग उत्तमच, पण त्यात पारदर्शकतेला जागाच नाही. जेपेगमध्ये प्रत्येक बिंदूचा फक्त रंग साठवलेला असतो. पीएनजीमध्ये तांबड्या, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या आकड्यांसोबत चौथाही आकडा ठेवता येतो, त्याला अल्फा म्हणतात. अल्फा ० असेल तर तो बिंदू दिसतच नाही, २५५ असेल तर पूर्ण दिसतो आणि १२८ च्या आसपास असेल तर निम्मा तो, निम्मं मागचं पान. ही कल्पना १९७० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एड कॅटमुल आणि अॅल्वी रे स्मिथ यांनी मांडली. १९८४ मध्ये थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी तिचं गणित नीट बसवलं. आज आपण वापरतो ते प्रत्येक सॉफ्टवेअर त्याच गणितावर चालतं.

वेबवर आधी आलं ते जीआयएफ. कॉम्प्युसर्व्ह या कंपनीनं ते १९८७ मध्ये काढलं आणि १९८९ च्या आवृत्तीत पारदर्शकतेची सोय दिली. पण ती सोय अगदी तुटपुंजी होती. जास्तीत जास्त २५६ रंगांपैकी एक रंग निवडायचा आणि तो लपवायचा. बिंदू एकतर दिसणार किंवा नाही दिसणार, अधलंमधलं काही नाही. त्यामुळे गोल कडा दातेरी दिसायच्या. पुढे १९९४ च्या अखेरीस जीआयएफमधल्या संकोचन पद्धतीच्या पेटंटवरून शुल्क मागितलं जाऊ लागलं. तेव्हा थॉमस बुटेल यांच्या पुढाकारानं नेटवरच्या मंडळींनी पीएनजी घडवलं, आणि १ ऑक्टोबर १९९६ ला वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीनं त्याला मान्यता दिली. एका आडमुठ्या पेटंटमुळे जगाला मोफत आणि कितीतरी सरस असा पर्याय मिळाला, याचा मला आजही आनंद वाटतो. मात्र त्याचा पुरता उपयोग व्हायला दहा वर्षं गेली. इंटरनेट एक्स्प्लोररला पीएनजीची अर्धपारदर्शकता नीट दाखवता आली ती २००६ च्या सातव्या आवृत्तीपासून.

आता सॉफ्टवेअर. ते निवडण्याआधी चित्राची कडा बघा. सगळी निवड कडेवर ठरते.

बोधचिन्हाची कडा स्वच्छ, रेखीव असते. ते फोटोतून कापून काढण्याचा खटाटोप करूच नये. तुमच्या दुकानाचं, संस्थेचं चिन्ह ज्या प्रेसमध्ये किंवा फ्लेक्सवाल्याकडे बनलं, त्याच्या संगणकात त्याची कोरल ड्रॉची मूळ फाइल बहुतेक असतेच. आपल्याकडच्या छपाईच्या धंद्यात कोरलशिवाय पान हलत नाही. त्याला सांगा, अक्षरं आधी 'कन्व्हर्ट टू कर्व्ह्ज' कर, मग एसव्हीजी (रेषांच्या रूपात साठवलेली फाइल) दे आणि पारदर्शक बॅकग्राउंडची खूण करून पीएनजीही दे. 'कर्व्ह्ज'चा आग्रह अशासाठी की प्रेसमधले जुने मराठी फॉन्ट युनिकोड नसतात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की संस्थेच्या नावाच्या जागी भलतीच अक्षरं उमटतात. मूळ फाइल कुठेच सापडली नाही, तर इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. चिन्हाचा फोटो खाली ठेवून त्यावर रेषा नव्यानं ओढा. मग खालचा फोटो काढून टाका, म्हणजे पीएनजी आपोआप पारदर्शक निघतो. एक दुपार जाईल, पण पुढच्या कित्येक वर्षांची सोय होईल.

फोटोतल्या वस्तूची गोष्ट निराळी. आणि आमच्या धामणगावच्या माणसाला फोटोतून सोडवायची वस्तू कोणती, तर कापूस. भुसावळ-नागपूर मार्गावरचं हे गाव कापसाच्या बाजारपेठेवर आणि जिनिंगवर वाढलं. यवतमाळचा मालही एके काळी बैलगाडीनं इथल्याच स्टेशनवर यायचा. इथल्या एखाद्या जिनिंगनं किंवा शेतकरी कंपनीनं वेबसाइट काढली की पहिल्या पानावर उमललेलं बोंड हवंच. आणि पारदर्शक चित्रात बोंडाइतकं अवघड काही नसेल. त्याला नेमकी कडाच नसते. कापूस कुठे संपतो आणि हवा कुठे सुरू होते, ते सांगता येत नाही. शेवटच्या तंतूंमधून मागचं दिसतं. तिथे इरेझर घासला की बोंडाची साबणाची वडी होते.

इथे मी डोळे झाकून गिंप सांगतो. हे सॉफ्टवेअर मोफत आहे. बर्कलीच्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये ते लिहायला घेतलं, आणि मार्च २०२५ मध्ये त्याची तिसरी मोठी आवृत्ती आली. पण सॉफ्टवेअर सुरू करण्याआधी फोटो नीट काढा. पांढऱ्या कागदावर पांढरा कापूस ठेवाल तर कोणतंही यंत्र तो वेगळा करू शकणार नाही. मागे काळं कापड लावा. बोंड कापडापासून हातभर पुढे धरा, म्हणजे कापडावर उजेड पडत नाही. खिडकीचा उजेड बाजूनं येऊ द्या, फ्लॅश नको.

फोटो गिंपमध्ये उघडला की आधी लेयरला 'अॅड अल्फा चॅनल' द्या. जेपेगमध्ये अल्फा नसतोच. तो दिला नाही तर खोडलेल्या जागी पांढरा रंग भरला जातो, आणि पुष्कळ जण इथेच कंटाळून सॉफ्टवेअरला नावं ठेवतात. मग त्या लेयरची एक प्रत करा. खालच्या लेयरवर 'कलर टू अल्फा' ही आज्ञा चालवा आणि काळा रंग निवडा. ही आज्ञा प्रत्येक बिंदूत काळा किती मिसळला आहे ते मोजते आणि तेवढाच भाग पारदर्शक करते. कापड नाहीसं होतं, टोकाचे तंतू अर्धेमुर्धे पारदर्शक होऊन जागच्या जागी राहतात. कापड पुरतं काळं आलं नसेल, तर पारदर्शकतेच्या थ्रेशोल्डची पट्टी जराशी सरकवा. पण याच आज्ञेनं बोंडाचं तपकिरी वाळलेलं कवच आणि पाकळ्यांमधल्या सावल्याही भोकं पडल्यासारख्या विरळ होतात, कारण त्यांच्यातही काळं आहे. त्यासाठीच वरची प्रत आहे. तिला काळा लेयर मास्क लावा आणि मऊ ब्रशनं मास्कवर पांढरा रंग फिरवत बोंडाचं आतलं अंग आणि कवच परत भरून घ्या. कडेच्या थोडं अलीकडे थांबा. आतलं अंग वरच्या लेयरचं, कड खालच्या लेयरची. खाली गर्द हिरवा लेयर घालून बघा, एकेक तंतू त्या हिरव्यावर उठून दिसतो. पहिल्यांदा हे जमतं तेव्हा हातातलं काम सोडून माणूस तेच बघत बसतो. फक्त एवढं करून ते बोंड पांढऱ्या पानावर ठेवू नका. वेबसाइटच्या त्या पट्ट्याला गडद रंग द्या.

फोटोशॉपमध्ये हेच काम 'सिलेक्ट अँड मास्क'नं लवकर होतं, केसांच्या बाबतीत तर फारच छान. रोज पन्नास चित्रं काढणाऱ्यानं त्याचं भाडं भरावं. महिन्याकाठी चार चित्रं लागणाऱ्या बचत गटानं ते का भरावं? फोटोशॉपची सवय असेल आणि हाताशी ते नसेल, तर ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी वापरा. त्यात फोटोशॉपची पीएसडी फाइल उघडते आणि चित्र आपल्याच संगणकात राहतं.

हा शेवटचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. एका क्लिकमध्ये बॅकग्राउंड काढून देणाऱ्या वेबसाइट सोयीच्या आहेत. रिमूव्ह डॉट बीजी २०१८ च्या डिसेंबरमध्ये आली आणि माणसांच्या फोटोंचं काम फार सोपं झालं. पण तिथे फोटो त्यांच्या सर्व्हरवर जातो आणि फुकटात मिळतं ते लहान आकाराचं चित्र. उत्पादनांच्या फोटोंना हरकत नाही. लेकराबाळांचे फोटो असे कुठेही चढवू नयेत. विंडोज ११ मधल्या साध्या पेंटमध्येही २०२३ पासून बॅकग्राउंड काढायची सोय आणि लेयर आले आहेत. वर्ड आणि पॉवरपॉइंटमध्ये 'रिमूव्ह बॅकग्राउंड' २०१० पासून आहे, पण शाळेच्या ऑफिसात ते फारसं कुणी उघडून बघत नाही. आणि मुख्याध्यापकांच्या सहीचा पारदर्शक पीएनजी करून ग्रुपवर टाकायची पद्धत दिसते, ती आधी बंद करा. ती फाइल ज्याच्या हाती लागेल तो कोणत्याही कागदावर सही उमटवू शकतो.

फोनवर बॅनर करणारी पोरं पिक्सेललॅब वापरतात, आणि त्यांचा हात इतका बसलेला असतो की त्यांना दुसरं काही शिकवायला जाऊ नये. एकच सांगावं. सेव्ह करताना बॅकग्राउंड ट्रान्सपरंट ठेवा आणि जेपेग न निवडता पीएनजी निवडा.

मराठी अक्षरं ही मोठी कसोटी आहे. कोणतंही नवं सॉफ्टवेअर घेतलं की त्यात आधी 'वऱ्हाडातील कार्यकर्त्यांच्या' असं लिहून बघा. 'ऱ्हा' फुटला किंवा रफार भलतीकडे गेला, तर ते सॉफ्टवेअर मराठी मजकुरासाठी बाजूला ठेवा. गिंप आणि इंकस्केपमध्ये जोडाक्षरं बरोबर येतात. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत अक्षरं तुटत असतील तर टाइपच्या प्रेफरन्समध्ये मध्यपूर्व आणि दक्षिण आशियाई भाषांचा पर्याय निवडा. फॉन्टसाठी 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू' घ्या. दोन्ही मोफत आहेत आणि युनिकोड आहेत.

चित्र झालं की तपासणी. करड्या-पांढऱ्या चौकटी दिसल्या म्हणजे चित्र पारदर्शक आहे असं धरून चालू नका. नेटवर मिळणाऱ्या कितीतरी चित्रांत त्या चौकटी चित्रातच रंगवलेल्या असतात. काळ्या, पांढऱ्या आणि एखाद्या भडक रंगावर ठेवून बघा. कडेला जुन्या बॅकग्राउंडची रेघ उरली असेल तर ती यातल्या एका रंगावर नक्की दिसते. आणि तयार पीएनजी व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, तो तिथे जेपेग होतो आणि सगळी मेहनत वाया जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

उरला वजनाचा प्रश्न. १००० बाय १००० बिंदूंचं पारदर्शक चित्र संकोचनाआधी ४० लाख बाइटचं असतं. पीएनजी त्यातला एकही बिंदू न बदलता ते आवळतं, पण फोटोसारख्या चित्रात फार आवळता येत नाही. बोंडाचा पीएनजी एक-दीड एमबीचा झाला आणि गावाकडच्या नेटवर पान अडखळलं, तर वेबपी घ्या. गूगलनं २०१० मध्ये काढलेल्या या प्रकारात थोडा बारकावा सोडला की फाइल कितीतरी हलकी होते आणि अल्फाही टिकतो. सफारीनंही २०२० मध्ये तो स्वीकारल्यापासून अडचण उरलेली नाही. व्हॉट्सअॅपचे न हलणारे स्टिकर हे असेच ५१२ बाय ५१२ चे, १०० केबीच्या आतले वेबपी असतात. गिंपमधून वेबपी थेट एक्स्पोर्ट होतं. मात्र 'सेव्ह' करून लेयर आणि मास्क असलेली एक्ससीएफ फाइलही ठेवा, कारण पुढच्या हंगामात कुणीतरी तेच बोंड निळ्या पट्ट्यावर मागणार आहे.

पुढच्या आठवड्यात एसव्हीजी, आणि प्रेसमधून आलेली कोरलची फाइल वेबसाइटसाठी कशी हलकी करायची ते.