साडेबासष्ट अंश

मुंबईच्या गोवंडीत दिवस भरायच्या आधी जन्मलेलं, मूठभर वजनाचं बाळ अनेकदा सायनच्या टिळक रुग्णालयात पोचतं. मागोमाग घरची माणसं हार्बर लोकलनं कुर्ल्याला उतरून गाडी बदलतात. आईला पान्हा फुटलेला नसतो, कधी तीच अत्यवस्थ असते. बाळाला पाजायचं काय?

डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये याच रुग्णालयात आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. इतिहास एवढा पुरे; मला गुंतवून ठेवतं ते पाश्चरायझर. मुळात ते गरम पाण्याचं कुंडच. दूध देणाऱ्या बाळंतिणींची एचआयव्ही, कावीळ ब आणि गुप्तरोगाची तपासणी होते. मग अनेकींचं दूध एकत्र करून ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवायचं, झटकन गार करायचं आणि नमुना प्रयोगशाळेत धाडायचा. जंतू वाढले तर सगळं ओतून द्यायचं. नाहीतर उणे २० अंशांत गोठवायचं. ताप कमी पडला तर जंतू उरतात, जास्त झाला तर रोगाशी लढणारे घटकही जातात. इतकं जपूनही जिवंत पेशी मरतातच. म्हणून पहिला मान आईच्या दुधाचा, मग पेढीच्या. पावडरपेक्षा ते बरं, कारण अपुऱ्या दिवसांच्या बाळांत आतडं सडण्याचा धोका त्यानं कमी होतो.

गोवंडीत मुस्लिम वस्ती मोठी. एकाच बाईचं दूध प्यायलेली मुलं इस्लामी कायद्यानं भावंडं ठरतात, त्यांचं लग्न होत नाही. इथे तर अनेकींचं दूध मिसळलेलं. धर्मपंडितांत यावर एकमत नाही. कराचीतली पेढी २०२४ मध्ये फतव्यावरूनच थांबली. दात्यांची नोंद ठेवणं, कुटुंबाला ती दाखवणं अवघड नाही. या शंकेला अडाणीपणा म्हणून झटकणं मात्र सोपं असतं.

खरी पंचाईत घरी गेल्यावर. पेढीचं दूध वॉर्डातल्या बाळांपुरतं. पावडरच्या डब्याची जाहिरात १९९२ च्या कायद्यानं बंद आहे, पण ‘दूध पुरत नाही’ म्हणणारी सासू कायद्यात बसत नाही. डबा महाग, म्हणून पावडर कमी, पाणी जास्त. आणि तेही टँकरचं. तरी डब्याला सरसकट खलनायक करू नये. काही आयांना तो लागतोच.

डॉ. फर्नांडिस यांनीच पुढे १९९९ मध्ये ‘स्नेहा’ ही संस्था उभी केली. तिच्या कार्यकर्त्या वस्त्यांत घरोघर जातात, बाळ छातीला कसं धरायचं ते दाखवतात. पण नगावर जरीकाम करणाऱ्या बाईला बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा कोण देणार? दर दोन तासांनी ती पाजायला उठली, तर तेवढे नग कमी भरतात.