पाड्याचा ठराव, पाड्याचे हात

पोशेरा हे मोखाडा तालुक्यातले गाव. नकाशावर त्याच्या नावाचा एकच ठिपका असतो. पण जव्हार-मोखाड्यात गाव असे एका ठिकाणी वसत नाही. डोंगराच्या सोंडेवर पंधरा-वीस घरे, मधे ओहळ, पलीकडच्या टेकाडावर आणखी काही घरे, आणि अशा पाड्यांची मोट बांधून कागदावर झालेले एक गाव, अशी इथली वस्ती आहे. वारली, कोकणा, ठाकर, महादेव कोळी, कातकरी असे समाज या पाड्यांवर राहतात. एका पाड्याची विहीर मे महिन्यापर्यंत साथ देते, तर दुसऱ्या पाड्यावरच्या बाया फेब्रुवारीतच डोक्यावर हंडे घेऊन दूरची वाट धरतात. तालुका एक, ग्रामपंचायत एक, पण दोन पाड्यांची गरज एक नाही.

म्हणून इथल्या विकासाचा विचार पाड्यापासून सुरू करावा लागतो. पाड्याची सभा ही त्या विचाराची संस्था आहे. तिला इमारत नसते. बहुतेकदा एखादे झाड, शाळेचा व्हरांडा किंवा कोणाच्या तरी घराची ओटी, एवढ्यावर तिचे भागते. तरी तिच्यामागे देशाचा कायदा उभा आहे, आणि ही गोष्ट अजून पुरेशी लोकांपर्यंत पोचलेली नाही.

१९९२ साली ७३वी घटनादुरुस्ती झाली आणि पंचायत राज व्यवस्थेला घटनेत स्थान मिळाले. पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी भागांना ती जशीच्या तशी लागू करायची नव्हती. त्यासाठी खासदार दिलीपसिंह भुरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींच्या आधारे २४ डिसेंबर १९९६ रोजी जो कायदा आला, त्यालाच आपण ‘पेसा’ म्हणतो. मोखाडा आणि जव्हार हे दोन्ही तालुके संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात आहेत, त्यामुळे तो इथे पूर्णपणे लागू होतो.

या कायद्याने गावाची व्याख्याच बदलली. वस्ती, वस्त्यांचा समूह, पाडा किंवा पाड्यांचा समूह, जिथे एक समाज राहतो आणि आपल्या रूढी-परंपरांप्रमाणे आपला कारभार पाहतो, ते गाव. महसुली दप्तरातल्या गावापेक्षा ही व्याख्या माणसांच्या जास्त जवळची आहे. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पेसाचे नियम केले आणि त्यांत पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मिळवण्याची रीत घालून दिली. पाड्यातल्या मतदारांनी बहुमताने ठराव करायचा आणि तो उपविभागीय अधिकाऱ्याकडे पाठवायचा, तिथून प्रक्रिया सुरू होते. एकदा पाडा गाव ठरला की त्याची ग्रामसभा त्याची स्वतःची.

या ग्रामसभेचे अधिकार वाचले की थक्क व्हायला होते. विकासाच्या योजना राबवण्याआधी त्यांना तिची मंजुरी लागते. लाभार्थी ती निवडते. झालेल्या खर्चाचे प्रमाणपत्र ग्रामपंचायतीला तिच्याकडून घ्यावे लागते. गौण वनउपज, दारू, सावकारी, गावचा बाजार, लहान पाणीसाठे हे विषयही या कायद्याच्या कक्षेत येतात. राज्याच्या नियमांत यासाठी समित्याही आहेत. शांतता समिती तंट्यांचे बघते, साधनसंपत्तीची समिती जमीन, पाणी आणि जंगलाचे बघते, सभाकोष समिती पैशांचा हिशेब ठेवते.

प्रमाणपत्राचीच गोष्ट जरा जवळून पाहू. समजा पाड्याकडे येणाऱ्या वाटेवर सिमेंटचा रस्ता झाला. बिल निघण्याआधी सभेत अंदाजपत्रक वाचून दाखवायचे. मग चार-सहा जणांनी टेप घेऊन रस्त्यावर जायचे. लांबी कागदावर किती, जमिनीवर किती? रुंदी दोन्ही टोकांना सारखी आहे का? कडेला उकरून पाहिले तर थर किती जाड निघतो? दहावी झालेली एखादी मुलगी आकडे लिहून घेते, सभा ते ऐकते आणि मगच ठराव होतो. यात इंजिनिअरची पदवी लागत नाही. कागद मागण्याची हिंमत आणि तो वाचणारे एक माणूस लागते. ज्या पाड्यावर हे एकदा घडते, तिथे पुढच्या कामाचा दर्जा आपोआप सुधारतो, कारण मोजायला लोक येणार हे काम करणाऱ्याला ठाऊक असते.

सभेच्या कामाचे दुसरे अंग म्हणजे श्रमदान. मोखाड्यात पावसाला तोटा नाही. पावसाळ्यात इथे अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहून जास्त पाऊस पडतो. पण उतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि खाली काळा कातळ, त्यामुळे पाणी थांबत नाही. तालुक्यातल्या कोचाळे गावाजवळ मध्य वैतरणा धरण उभे आहे आणि त्याचे पाणी मुंबईला जाते. त्याच तालुक्यात उन्हाळ्यात पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. ही विसंगती मोठ्या योजनांनी मिटेल तेव्हा मिटो. तोवर पाड्याच्या हातात जे आहे, त्यात वनराई बंधारा फार मोलाचा आहे. मोहन धारिया यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या ‘वनराई’ संस्थेचे नाव त्याला मिळाले.

बंधाऱ्याचे तंत्र साधे आहे, पण त्यातली नजर साधी नाही. जागा अशी हवी की ओहळाचे पात्र अरुंद, दोन्ही काठ उंच आणि तळाशी कातळ असेल. ती जागा गुरे वळणाऱ्या पोराला आणि कपडे धुवायला जाणाऱ्या बाईला नेमकी माहीत असते. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू किंवा माती भरायची, गोणी तोंडापर्यंत न भरता थोडी मोकळी ठेवायची म्हणजे ती नीट बसते. तोंड सुतळीने शिवायचे. खालचा थर रुंद ठेवून वर निमुळते होत जायचे. विटांचे बांधकाम करताना सांधे मोडतात तसे इथेही मोडायचे. पाण्याच्या बाजूने चिकणमाती चेपायची आणि जादा पाणी वरून वाहून जाईल अशी मधे वाट ठेवायची. माणसांची रांग लागते, गोणी हातोहात पुढे सरकते आणि सकाळी सुरू केलेले काम संध्याकाळी पाणी धरू लागते. गुरांना पाणी मिळते, विहिरीचा झरा जरा जास्त दिवस टिकतो, कोणी भाजी लावतो, कोणी मोगऱ्याची रोपे जगवतो. पुढच्या पावसात बंधारा वाहून जातो आणि पुढच्या वर्षी पुन्हा घालावा लागतो.

खरी अडचण वेळेची असते. बंधारा पाऊस ओसरल्यावर, पण ओहळ वाहता असतानाच घालायला हवा. नेमक्या त्याच आठवड्यांत भाताची कापणी असते, नागली-वरईची कामे असतात. आणि दिवाळी झाली की घरेच्या घरे कुलूप लावून भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघून जातात. बाहेरून ठरवलेली तारीख इथे चालत नाही. कोणाची कापणी कधी उरकते, कोण कधी निघणार, कोणाच्या घरी आजारी माणूस आहे, हे पाड्यालाच माहीत असते. म्हणून दिवसही पाड्यानेच ठरवायचा. सावड आणि इर्जिक मराठी शेतकऱ्याला नव्या नाहीत. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या, हा हिशेब लोकांच्या अंगात मुरलेला आहे. सभा त्या हिशेबाला सार्वजनिक कामाची दिशा देते.

इथे इतिहासाची एक आठवण ठेवायला हवी. १९४५ साली डहाणू-उंबरगाव पट्ट्यात शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. मालकाच्या शेतावर फुकट राबणे त्यांनी नाकारले. ज्या समाजाने वेठ भोगली, त्याच्याकडे कोणी फावडे देऊन ‘गावासाठी राबा’ म्हणाले तर त्याने आधी विचारलेच पाहिजे की हे ठरवले कोणी? वेठीत आणि श्रमदानात हात तेच असतात, घाम तोच असतो. निर्णय कोणाचा, एवढ्यावरच दोन्हींतला फरक उभा आहे. आपला ठराव असेल तर गोणी उचलण्यात मान आहे. दुसऱ्याच्या कार्यक्रमाला गर्दी म्हणून उभे राहण्यात तो नाही.

पैशांचेही तसेच आहे. आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी २०१५ पासून पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट मिळू लागला. पायाभूत सुविधा, वनहक्क आणि पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-शिक्षण, जलसंधारण आणि उपजीविका यांवर तो खर्चता येतो. कशावर खर्चायचा हे ग्रामसभेने ठरवायचे. पण पुष्कळ ठिकाणी सभा होतच नाही. रजिस्टर घरोघर फिरते, सह्या आणि अंगठे गोळा होतात आणि इतिवृत्त नंतर कार्यालयात लिहिले जाते. महिला सभा ग्रामसभेआधी घेणे महाराष्ट्रात कायद्याने बंधनकारक आहे, तीही पुष्कळदा कागदावरच उरते. पाण्यासाठी सर्वांत जास्त चालणाऱ्या बायांचे म्हणणे अशा वेळी ठरावात येतच नाही. हा दोष लोकांच्या अज्ञानावर ढकलू नये. ज्यांना सभा नकोच असते, त्यांना रिकामी सभा सोयीची पडते.

ही स्थिती बदलण्यासाठी या डोंगरांत चिकाटीने काम झाले आहे. जव्हार भागात मिलिंद थत्ते आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘वयम्’ चळवळीने पेसा, वनहक्क आणि माहितीचा अधिकार हे कायदे लोकांना समजावून सांगत ग्रामसभा बांधल्या. मोखाड्यात निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या पुढाकाराने २००६ मध्ये ‘आरोहण’चे काम सुरू झाले. गडचिरोलीत मेंढा-लेखा या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून दाखवले की अभ्यास करणारी, सर्वसहमतीने चालणारी छोटी ग्रामसभा आपले जंगल सांभाळू शकते. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंमुळे जव्हारचे नाव देशभर गेले. त्यानंतर मदत आली, योजना आल्या. पण अंगणवाडीत आहार रोज शिजतो का, हे रोज पाहू शकेल अशी यंत्रणा पाड्यावरच असू शकते, हा त्या दुःखाचा धडा आहे.

वैतरणेचे पाणी पिणाऱ्या मुंबईतही शेजारच्या लोकांनी एकत्र येण्याचा प्रयोग झाला. महापालिकेने १९९७ मध्ये प्रगत परिसर व्यवस्थापन, म्हणजे एएलएम, सुरू केले. गल्लीगल्लीत लोकांनी कचरा वेगळा केला, रस्ते सुधारले. पण खर्चाचे प्रमाणपत्र रोखण्याचा किंवा योजना नामंजूर करण्याचा कायदेशीर अधिकार त्या मंडळांना नाही. मोखाड्यातल्या पाड्याला तो आहे. या एका बाबतीत पाडा महानगराच्या पुढे आहे आणि त्याचा अभिमान इथल्या तरुणांनी बाळगावा.

म्हणून शहरातून स्वयंसेवक घेऊन येणाऱ्या संस्थांनी आणि कंपन्यांनी आधी पाड्याचा ठराव मागावा, मग फावडी आणावीत. शासनाने ग्रामसभा दिवाळीआधी, लोक गावात असताना आणि पाड्यावर जाऊन घ्यावी. पोशेऱ्यासारख्या गावांतल्या शिकलेल्या मुलामुलींनी अंदाजपत्रक वाचायला आणि इतिवृत्त जागेवरच लिहायला शिकावे. रस्ता, विहीर, बंधारा यथावकाश होतील आणि मोडतीलही. मोडलेले पुन्हा उभे करायला एकत्र बसणारा पाडा टिकला, तर बाकीचे तो स्वतः करील.