ढील दे, खेच!

बेळगावात जानेवारीत पतंग महोत्सव भरतो. तिथं गेलात की आभाळाकडे नंतर बघा, आधी पतंग उडवणाऱ्याची बोटं बघा. वारा वाढला, मांजा ताणला की ढील. वारा पडला की खेच. (मांजा साधा सुतीच हवा हं, नायलॉनच्या मांजानं पक्षी जखमी होतात.) नवा पतंग हातात आला की पहिली दोन-चार मिनिटं बोटं जरा चुकतात. मग हा जड आहे, याला जास्त खेचावं लागतं, हे त्यांना उमगतं आणि पतंग झकास स्थिरावतो.

दोस्तांनो, हीच विद्या आता मालवाहू जहाजं शिकताहेत! पण आधी एका शिडाच्या नौकेची गोष्ट.

आपल्या खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई गोव्यात मांडवी होऊन समुद्राला मिळते. तिचंच नाव नौदलाच्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेला दिलंय. गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी ती बांधली आणि 2009-10 मध्ये दिलीप दोंदे तिच्यातून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. असं करणारे ते पहिले भारतीय! वारा बदलला की शिडं आवळायची, सैल सोडायची, ती त्यांच्याच दोन हातांनी.

पण दोनशे मीटरहून लांब जहाजावर हात कुठवर पुरणार? 2023 च्या ऑगस्टमध्ये ‘पिक्सिस ओशन’ नावाचं जहाज चीनहून ब्राझीलकडे निघालं. त्याच्या डेकवर शिडांसारखे दोन उभे पंख होते, प्रत्येकी साडेसदतीस मीटर उंच. म्हणजे जवळजवळ बारा मजले! हे पंख यंत्रं वळवतात.

वळवायचे कुठे, ही खरी गंमत. निपाणीहून स्कूटरवर मागे बसून येताना बाजूचा वाराही समोरून आल्यासारखा वाटतो ना? स्कूटर थांबली की त्याची खरी दिशा कळते. जहाज तर थांबत नाही, त्यामुळे सेन्सर सारखे वारा मोजत राहतात. शिवाय माल भरलेलं जहाज पाण्यात खोल बसतं, रिकामं वर तरंगतं, आणि तळाला शेवाळ-शिंपले चिकटले की तेच जहाज जड चालतं. वारा तोच, पण ओढ वेगळी. म्हणून शास्त्रज्ञ संगणकाला पतंगवाल्याच्या बोटांसारखं शिकवू पाहताहेत: पंख थोडा वळव, वेग किती वाढला, इंधन किती वाचलं ते बघ, मग पुढचा कोन ठरव. पुन्हा बघ.

पहिल्या सहा महिन्यांत ‘पिक्सिस ओशन’चं दिवसाला सरासरी तीन टन इंधन वाचलं. पृथ्वी तापवणाऱ्या वायूंपैकी सुमारे 3 टक्के जहाजांच्या धुरातून येतात, म्हणून मला हे तीन टन फार मोलाचे वाटतात.

आता सौंदत्तीच्या बाजूला गेलात तर डोंगरावरच्या पवनचक्कीकडे थोडा वेळ टक लावून बघा. वारा फिरला की तीही हळूच आपलं डोकं वळवते.